दोघांत एकच नाक

मैत्रीने बाईकच्या पेट्रोल टाकीची दोन्ही तोंडं रबराच्या बुचांनी बंद केली, ती पाण्याच्या टबात दाबून धरली आणि बुडबुड्यांची वाट पाहिली. एकही आला नाही.

"जमलं?" अश्विनने दारातून विचारलं.

"पाणी तरी म्हणतंय जमलं."

"आणि नाक?"

ती उठली. टाकी पुसून गॅलरीत ठेवली, हात साबणाने दोनदा धुतले. वीस मिनिटांनी तो आलाच. पेट्रोलचा वास, थेट घशात उतरणारा.

"येतोय," ती म्हणाली.

अश्विनने सवयीने मोठा श्वास घेऊन पाहिला. साथीच्या वर्षी ताप उतरला, पण त्याचं नाक गेलं ते परत आलंच नाही. करपलेली भाजीसुद्धा तो मिटक्या मारत खायचा. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, डाळ शिळी आहे का, हे सगळं मैत्री ठरवायची.

"आमच्यात दोघांत मिळून एकच नाक," तो मित्रांना सांगायचा.

आत्ता तो हसला नाही. "तू म्हणतेस तर येतोय."

गळती खरीच होती. रविवारी त्याची पँट मांडीवर भिजली होती आणि जिन्याखाली लादीवर तळहाताएवढा डाग पडला होता. खाली राहणाऱ्या घरमालकीण जयमालाकाकू पदर नाकाला लावून ओरडल्या होत्या, "बाजूला वडापावची शेगडी हाय आन तुमी हितं पेट्रोल सांडताव? उचला ती टाकी आदी!"

ओळखीच्या गॅरेजवाल्याने, बंडूने, नवी टाकी यायला पंधरा दिवस सांगितले. अश्विन सकाळी सहापासून कोपरखैरणे ते वाशी घरोघरी रक्ताचे नमुने घेत फिरायचा. बाईकशिवाय तो बस-रिक्षाने धावपळ करत होता, पण असं ते काम दुसऱ्याकडे जायला आठवडा पुरला असता. मैत्री केमिस्ट्रीची बीएस्सी. "मी करते," ती म्हणाली.

तिने पेट्रोल काढून टाकलं, टाकी साबणाच्या पाण्याने तीनदा खंगाळली, उन्हात वाळवली. जोडाजवळ गंजाच्या खपलीखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक सापडलं. ते घासून चकचकीत केलं, भोक बुजवायचा एपॉक्सीचा लगदा मळून बसवला, दिवसभर सुकू दिला. वास आला. वर दुसरा थर दिला. तरी वास आला.

मग तिने वही काढली. १०.२०, वारा खाडीकडून, तीव्र, दोन मिनिटं. १.४०, कडक ऊन, तीव्र. वास लाटेसारखा यायचा आणि जायचा. ऊन तापलं की वाफ वाढणार, हे सरळ होतं. भर ढगाळ दुपारीही आला, तेव्हा तिने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सकाळी उठलं की डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. बुधवारी डाव्या हातातून कप नुसताच गळून पडला. वाफ फार वेळ नाकात गेली की असं होतं, हे तिने वाचलेलं होतं. आपली ही गत, तर पाच महिन्यांच्या फुप्फुसांचं काय?

वासाच्या भीतीने त्यांची लेक क्रांती खाली होती, जयमालाकाकूंकडे. सोमवारपासून.

"पोरीला मी बघतंय," काकू जिन्यातूनच म्हणाल्या होत्या. "पन त्या वासात मी वर येनार नाय बाय. तू आदी घर नीट कर, मग ने तिला."

मैत्री दूध पाजायला खाली जाताना कपडे बदलायची, केस धुवायची. तरी मांडीवर क्रांती असताना वास यायचाच. केसांना धरून राहिला असणार. ती शँपू बदलून पाहायची. क्रांती तिच्या बोटाला घट्ट धरायची आणि ते बोट सोडवून वर जाणं दर वेळी जास्त जड व्हायचं.

गुरुवारी तिने तिसरा थर दिला. बोटांची सालं निघाली होती.

"टेन्शन घेऊ नको," अश्विन म्हणाला.

"मग काय घेऊ? माझी पोरगी खाली, मी वर. गॅस पेटवायची भीती वाटते. चार दिवस बाहेरचं खातोय आपण. अजून किती थर देऊ, सांग ना!"

त्याने बाहेरून आणलेली पोळीभाजी ताटात वाढली.

शुक्रवारी तिला उशिरा जाग आली. अश्विन कामावर गेला होता. उठताच वासाची अशी लाट आली की तिला भिंत धरावी लागली. गॅलरीच्या दुधी काचेपलीकडे टाकी झाकायच्या चादरीखालचा उंचवटा दिसत होता. दार उघडायची हिंमत झाली नाही. तिने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि चौकटीभोवती चिकटपट्टी लावली.

एकच्या सुमाराला अश्विन आला, तेव्हा ती जमिनीवर बसली होती.

"खाली जा," ती ओरडली. "क्रांतीला घे आणि आईकडे जा, जुईनगरला. हे घर पेटणार आहे!"

"अगं, पण कशानं?"

"कशानं म्हणजे? आज सगळ्यात जास्त येतोय! नाक नाही तुला, तुला काय कळणार?"

आवाज ऐकून जयमालाकाकू क्रांतीला कडेवर घेऊन धापा टाकत वर आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या.

अश्विनने चिकटपट्टी फाडली, दार उघडलं, चादर ओढली. खाली पालथा टब होता.

"टाकी कुठंय?" मैत्रीने विचारलं.

"सकाळी साडेपाचलाच भंगारवाल्याच्या दारात ठेवून आलो. टब पालथा घालून चादर त्यावरच टाकली. चार दिवसांनी तुला झोप लागली होती, उठवलं नाही. म्हटलं काम गेलं तर जाऊ दे, क्रांती घरी येऊ दे." तो समजुतीने हसला. "थोडा मागे राहिला असेल, उडून जाईल. काकू, आता तुम्हीच आत येऊन बघा. कितीसा येतोय?"

काकूंनी उंबरा ओलांडला. नाकावरचा पदर काढला, गॅलरीत जाऊन टबाशी वाकल्या, मोरीपाशी थांबल्या, शेवटी मैत्रीच्या केसांजवळ नाक नेलं. मैत्रीच्या घशात तेव्हाही पेट्रोल उतरत होतं आणि डाव्या हाताला मुंग्या येत होत्या.

"शांपूचा येतोय," त्या म्हणाल्या. "बाकी कसला वास, गो?"