रेंज बंद करण्याचा ठराव

"गेली म्हणा रेंज हातची," सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसता बसता वेंडेल होल्कॉम पुटपुटला.

ओहायोतल्या त्या गावाबाहेर नेमबाजीची रेंज त्याच्या वडिलांनी सुरू केली होती. आता तिच्या शेजारी नवी घरं उठली होती. गोळ्यांच्या आवाजाची तक्रार झाली आणि रेंज बंद करण्याचा ठराव आज नगर परिषदेपुढे आला. परिषदेचे सदस्य पाच. दोघे रिपब्लिकन, वेंडेलचे जुने मित्र. उरलेल्या तिघी डेमोक्रॅट.

"त्या बायांना बंदुकीचं नाव काढलं तरी घेरी येते."

"विचारलंत कधी त्यांना?" त्याची मुलगी टेसा म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? दारात त्यांच्या पक्षाच्या पाट्या लावून बसल्यात."

रविवारची रेंज आणि सभासदांची वही टेसाच सांभाळायची. वेंडेल चर्चमधून परस्पर मासे धरायला जायचा. हल्ली रविवारी गर्दी वाढली होती. गडी चर्च बुडवून येतात, असं तो धरून चालला होता आणि त्यावर खूशही होता.

अध्यक्ष मॅरियन ऑक्स्नर या निवृत्त शिक्षिका. त्यांनी चष्मा सारखा केला.

"मतदानाआधी नियम सांगते. विषयाशी ज्यांचा स्वतःचा संबंध आहे, त्यांना मत देता येत नाही. रेंजचे सभासद असतील त्यांनी बाहेर जावं."

वेंडेलचे दोन्ही मित्र जुने सभासद. दोघे मान खाली घालून उठले. जाता जाता एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ कर, गड्या."

"बघ, किती सफाईने काटा काढला बाईने," वेंडेल टेसाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "ऊठ. मला नाही बघवत."

"बसा हो बाबा जरा."

मॅरियनबाईंनी आपला माइक बंद केला, पर्स खांद्याला अडकवली आणि दोन्ही बाजूंच्या मैत्रिणींकडे पाहिलं.

"चला गं. नियम म्हणजे नियम."

तिघी रांगेने दाराकडे निघाल्या. वेंडेलपाशी येताच मॅरियनबाई क्षणभर थांबल्या.

"येत्या रविवारी टेसाला सुट्टी देऊ नका हं, मिस्टर होल्कॉम. माझा नेम आत्ता कुठे बसायला लागलाय."

दार लागलं. कारकुनाने पाच रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मत द्यायला कोणीच न उरल्याने ठराव बारगळल्याचं जाहीर केलं.