धाकट्याला थांबवू का?

चोंग-ताला गावच्या सादिरकुलच्या पत्राला हिवाळाभर माझ्याकडून उत्तर गेलं नाही. त्यानं लिहिलं होतं, "थोरली पोरं कामाला मॉस्कोला गेली. आपल्या किर्गिझांत धाकटा आईबापाचं घर सांभाळतो, पण वसंतातला नूरुझचा सण झाला की तोही निघणार म्हणतो. तुमच्या आराखड्यात आमच्या गावाचं शहर होणार आहे ना? खरं असेल तर कळवा, त्याला थांबवतो."

नगररचना कचेरीत शेजारच्या टेबलावरची, मला वडीलधारा म्हणून 'आगाय' म्हणणारी बुरुलचा रोज टोचायची, "आगाय, लिहून टाका की एकदा! शहर होणार, पोराला थांबवा."

"आराखड्याचा काय भरवसा, बाई?"

"अहो, तुम्हीच तर केलाय तो!"

"म्हणूनच विचारतोय."

सण तोंडावर आला, तेव्हा मी कागद ओढला. शहर होईल असं लिहिलं आणि खोडलं. होणार नाही असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नवीन कागदावर माझ्या धाकट्याचा मॉस्कोतला पत्ता लिहिला, खाली 'तुमच्या पोराला तिथं उतरायला जागा आहे' एवढीच ओळ लिहिली आणि पाकीट पेटीत टाकलं.