दहा वर्षं की चार

"समजा मावशी, अंथरुणाला खिळून दहा वर्षं, नाहीतर ठणठणीत राहून चार. काय घ्याल?" आरोग्याच्या पाहणीला आलेल्या मुलीनं विचारलं. हाच प्रश्न म्हणे बारा देशांत विचारत होते.

द्वारकाबाईंनी भिंतीला उभ्या केलेल्या लोखंडी खाटेकडे पाहिलं. तिच्यावर नऊ वर्षं, दर दोन तासांनी, त्यांनी नवऱ्याची कूस बदलली होती. खाट रिकामी होऊन महिना झाला होता.

"दहा," त्या म्हणाल्या.

"अहो, अंथरुणात!"

"हो. तेवढी वर्षं घरात माणूस तर असतं."

"मावशी, आजारी तुम्ही आहात, असं समजा."

द्वारकाबाईंनी पुन्हा खाटेकडे पाहिलं. मुलीनं पुन्हा समजावलं, मग 'प्रश्न समजला नाही' या चौकटीत खूण केली.

पाच वाजले, तशा द्वारकाबाई नवऱ्याची कूस बदलायला उठल्या.