टपोरे डोळे

"डोळे उघडा," मोबाईलने पुन्हा बजावलं. खुर्च्या विणणारा तो जन्मांध कारागीर रडकुंडीला आला. अंधत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण आज झालं नाही तर राखीव जागेवरची नोकरी जाणार होती, आणि मिटलेल्या पापण्यांचा फोटो वेबसाइट घेईना. हेल्पलाइनवाल्यानेही हात टेकले: "साहेब, डोळे उघडल्याशिवाय सिस्टम पुढे जात नाही." "अहो, उघडत असते तर हा दाखला कशाला मागितला असता?" बायको बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे रंगवायची. तिने बारीक कुंचला काढला. "हलू नका हं," म्हणत तिने त्याच्या पापण्यांवर दोन टपोरे डोळे रंगवले. फोटो मंजूर! दोघंही पोरांसारखी हसली. रंग वाळायच्या आत निकाल आला. तिने तो मोठ्याने वाचला: "अर्जदार डोळस आहे. दाखला रद्द." त्याने चाचपडत तिचा हात धरला. "एवढा जीव ओतून कशाला रंगवलेस गं?"