शिंजिराची नोंद

पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर यंत्रपक्ष्यांचे फोटो चालत नसत. खरा पक्षी शेवटचा दिसला त्याला चार वर्षं झाली होती, त्यामुळे ग्रुप गप्पच असे. दापोलीच्या शैलजाताई खातूंनी अंगणात पडलेल्या शिंजिराचा फोटो टाकला, तेव्हा अ‍ॅडमिन अविनाशने तो सवयीने काढून टाकला. लगेच त्यांचा फोन आला.

"ताई, पायावर नंबर दिसतोय. कंपनीकडे तक्रार करा, दुसरा देतात."

"तक्रार नाही हो करायची. तीन वर्षं रोज जास्वंदीवर यायचा. आज मेला. नोंद कुठे करू?"

अविनाशला धड वाईटही वाटेना.

"किती वाजता?" त्याने विचारलं आणि ग्रुपवर लिहिलं : शिंजीर, नर, मृत, सकाळी सव्वाआठ.

संध्याकाळपर्यंत सभासदांनी त्याखाली आपापल्या अंगणात आजवर मेलेले आणखी एकोणचाळीस पक्षी नोंदवले. प्रत्येकाच्या पायावर नंबर होता.