कोपऱ्यातली चौकट

वासुदेवरावांनी कागदाच्या चौकटीला मागून खळ लावली आणि ती नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दाबून बसवली. नकाशा पुरा झाला.

चौकटीत पाच ओळी होत्या. लाल ठिपका म्हणजे धान्य देणारी मंडळी. पिवळा औषधांचा, निळा कापडाचा, हिरवा चरख्यांचा. काळी ओळ त्यांनी आपल्या मनानं घातली होती. काळा ठिपका म्हणजे कीर्तन. तो शाईचा नव्हता, बुक्क्याचा होता. आगीनं होरपळलेल्या गावात पोटाला घास मिळण्याआधी कानावर देवाचं नाव पडावं, असं त्यांना मनापासून वाटे.

साल सत्तावन्न, चैत्राचं ऊन. गेल्या दसऱ्याला नाल्याकाठच्या कितीक वस्त्यांनी धर्म बदलला आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावांनी त्यांना विहिरी बंद केल्या, मजुरी बंद केली. मग कुठे कुठे झोपड्या पेटल्या. चार संस्था मदतीला धावल्या खऱ्या, पण एका गावात चारही आणि शेजारच्या गावात एकही नाही, असं होऊ लागलं. म्हणून नालवाडीच्या या खोलीत बैठक ठरली. कोण कुठे काम करतं त्याचा नकाशा काढायचं काम वासुदेवरावांकडे आलं. ते पेन्शनीत निघालेले मास्तर. गावोगाव कीर्तनं करून त्यांना सारा मुलूख पाठ होता.

"बुवा, नकाशा आहे का रांगोळी?" बैठकीचे प्रमुख मनोहरराव हसत म्हणाले. "छान झालं. नागपूरच्या डॉक्टरांची जीप उद्या एकच दिवस मिळतेय. ठिपके सगळ्यात कमी, तिथे ती पाठवू. मी मंडळींना बोलावून आणतो."

ते गेले आणि दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"मी रामबाई. चिंचझरीची. डागदर इथं भेटते म्हने."

"उद्या येणार आहेत. काय काम होतं?"

"इहिरीवर येऊ देत नाई, म्हून नाल्याच्या डबक्यातलं पानी पेतो आमी. हगवनीनं दोन लेकरं गेली. आता माही नात पडून हाये. डोये उघडत नाई."

वासुदेवरावांनी नकाशाकडे बोट केलं. चिंचझरीवर पाचही रंग होते. साऱ्या नकाशात सगळ्यात भरलेलं गाव तेच.

"बाई, चिंचझरीला तर औषधवाले दर मंगळवारी येतात."

"येते ना. मारुतीच्या देवळात बसते."

"मग?"

रामबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू लहान पोर विचारतंय. "आमाले नाला वलांडू देत नाई, महाराज. देवळाचं तं सोडूनच द्या."

वासुदेवराव खाली बसले. संस्थांना देऊळ त्यांनीच सुचवलं होतं. चिंचझरीतच नाही, गावोगाव. सभामंडपात बसा, तिथे सावली असते, सगळं गाव तिथेच जमतं, असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं होतं. कीर्तनाला जमतं, म्हणून मदतीलाही जमेल. आणि नकाशावरचा प्रत्येक ठिपका त्यांनी देवळाच्या खुणेवरच ठेवला होता.

"तुमची वस्ती यात दाखवता?"

"मले वाचता येत नाई. देऊळ कुठी हाये?"

त्यांनी दाखवलं.

"अन् नाला?"

त्यांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. रामबाईनं आपलं भेगाळलेलं बोट देवळावरून उचललं, रेघेपलीकडे नेलं आणि थांबली.

"हे इथं. धा घरं होती. आता तीन हायेत."

बोट चौकटीवर होतं.

तिथली जागा रिकामी आहे असं समजून त्यांनी चौकट तिथे लावली होती. देवळाच्या पायरीवरून पाहिलं तर नाल्यापलीकडे पळसाची झुडपं तेवढी दिसत. त्यापुढे ते कधी गेलेच नव्हते.

त्यांनी विचारलं, "माझं कीर्तन तुमच्याकडे ऐकू येतं?"

"येते ना. वारा तिकडून असला का सारं आयकू येते. आवाज गोड हाये तुमचा." रामबाईनं पदरानं तोंड पुसलं. "कीर्तन झालं का मंग धान्यासाठी नावं पुकारते. थे बी आयकू येते. आमची लेकरं मोजत बसते, आपलं येते काय म्हून."

वासुदेवरावांनी फडकं ओलं केलं. खळ अजून वाळली नव्हती. चौकट अख्खी निघून आली. तिच्याखाली कोरा कागद होता. तिथे त्यांनी शाईनं दहा घरं काढली. एकावरही ठिपका दिला नाही.

मनोहरराव मंडळींना घेऊन आत आले. "अहो बुवा, हे काय केलंत? चौकट काढलीत, आता रंग समजणार कसे?"

"जीप चिंचझरीला जाईल. नाल्यापलीकडे."

"चिंचझरीला? तिथे तर पाच ठिपके आहेत."

"पाचही देवळात आहेत. यांची नात नाल्यापलीकडे पडून आहे." वासुदेवरावांनी तेच फडकं चिंचझरीच्या देवळावर नेलं आणि आधी बुक्क्याचा ठिपका पुसला. मग बाकीचे चार. मनोहररावांनी रामबाईकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं, आणि ड्रायव्हरला निरोप लिहायला बसले. उद्याची वाट कशाला पाहायची, जीप आज सुटत असली तर आजच मागवू, म्हणाले.

वासुदेवराव दाराशी आले. गळ्यातलं उपरणं त्यांनी काढून हातात घेतलं होतं.

"बाई, मी आलो तर चालेल?"

रामबाईनं जरा विचार केला.

"या ना, महाराज. पन आमच्याकडं सावली नाई."