धन्यांचा डगला

ओसेत्सु सकाळपासून खिडकीशी बसून शेजारच्या ताकुमाचा डगला शिवत होती. चिलखतावर घालायचा, बिनबाह्यांचा, काळ्या लोकरीचा. छातीशी वीतभर फाटला होता. ताकुमाची बायको वारून दोन वर्षं झाली; परवा किल्ल्यावर हजेरी, म्हणून तो हिच्याकडे देऊन गेला होता.

तिचा नवरा हान्नोजो तलवार पुसत होता. एकच पातं, तिसऱ्यांदा. त्याच्या पोटात दुखत होतं, लपवायचं कशाला? हा डगला शिंप्याकडचा नव्हता. नववर्षाच्या दरबारात किल्ल्याच्या धन्यांनी तो स्वतःच्या अंगातून काढला आणि सगळ्यांदेखत ताकुमाच्या खांद्यावर घातला. अस्तराला अजून त्यांच्या धुपाचा वास होता. हान्नोजो त्याच रांगेत, दोन माणसं सोडून बसला होता. तेव्हापासून त्याला ताकुमाचं भिंतीपलीकडचं खोकणंही सहन होईना.

"वास घेत बसलीयस का?"

"टाके घालतेय. दिसत नाही?"

"तीन महिन्यांत चिंध्या केल्या पठ्ठ्यानं. धन्यांची वस्तू जपायला अक्कल लागते."

"नदी ओलांडताना भाला लागला म्हणे. थोडक्यात वाचले."

"म्हणे काय? मीही होतो तिथे."

"होतात ना," म्हणत तिने सुईत दोरा ओवला.

हान्नोजो उठला. पेटीतून त्याने स्वतःचा डगला काढला आणि तिच्यापुढे पसरला. लाल, कापराच्या वासाचा, घड्या जशाच्या तशा. अस्तर तिच्या लग्नातल्या रुंद रेशमी कमरपट्ट्याचं होतं. त्यावरच्या सोनेरी बगळ्यांचा रंगही उडाला नव्हता.

"हा बघ. नऊ वर्षं, सात लढाया. एक सूत निघालेलं नाही. याला म्हणतात जपणं!"

ओसेत्सुने डगल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुई चालू केली. तो खाली वाकला. टाके तांदळाच्या कणीएवढे होते, एकाला लागून एक. धन्यांनी शेजाऱ्याला डगला दिला, ते त्याने कसंबसं गिळलं असतं. हे गिळवेना.

"माझ्या डगल्याला असे टाके कधी घातले नाहीस तू," तो म्हणाला. आवाज रुसलेल्या पोरासारखा निघाला.

तिने दाताने दोरा तोडला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"घालीन की," ती म्हणाली. "एकदा फाटून तर येऊ द्या."